साधी की मॅट

काचेचं काम शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगतात, पडती काच झेलायची नाही. हातातून सुटली की ती तुझी राहिली नाही. हात मागे घे, पाय बाजूला कर आणि फुटू दे. नवी माणसं मान डोलावतात आणि पहिल्या संधीला झेलायला जातात. बोट फाटलं की मग मात्र जन्मभर लक्षात राहतं.

दुसरा नियम आमच्याच दुकानाचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. फुटलेली काच जुळवल्याशिवाय केरात टाकायची नाही. काच फुटली की तो सगळे तुकडे मागच्या मोठ्या टेबलावर मांडायचा आणि एकमेकांना लावत बसायचा. पूर्ण ताव जुळला की मग डब्यात. एखादा तुकडा कमी पडला तर तो सापडेपर्यंत काम बंद. लग्न होऊन आले तेव्हा मला हा शुद्ध वेडेपणा वाटायचा.

"एवढ्या वेळात दुसरी कापून झाली असती," मी म्हणायचे.

"झाली असती. पण हरवलेला तुकडा कुठेतरी असतोच ना गं. गिऱ्हाइकाच्या फोटोमागे असेल, चपलेत असेल, नाहीतर कुणाच्या तरी मांसात."

पुढे मलाही ती सवय लागली. वाण नाही पण गुण लागला, दुसरं काय.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, त्याच्यामागे भिंतभर फ्रेमच्या पट्ट्यांचे नमुने, मध्ये काचा उभ्या ठेवायचा लाकडी घोडा आणि शेवटी खिडकीखाली टेबल. खिडकी मागच्या गल्लीत उघडते आणि दुपारी तिथून चांगला उजेड येतो. फोटोभोवतीचा पुठ्ठ्याचा माउंट कापणं, मापं घेणं, गिऱ्हाइकांशी हुज्जत घालणं ही कामं माझी. काच त्याची. मी प्रत्येक गोष्ट दोनदा मोजते म्हणून तो मला फूटपट्टी म्हणायचा. गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. "थांबा, आमच्या फूटपट्टीला विचारतो," असं. मी डोळे वटारायचे, पण खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

आमची ओळखही याच काउंटरवर झाली. मी शिवणाच्या परीक्षेचं सर्टिफिकेट फ्रेम करायला आले होते. वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत धरलेलं. अंगात बहिणीचा मागून आणलेला चौकडीचा ड्रेस, त्याचं एक बटण तुटलेलं, म्हणून पांढऱ्या बटणांत एकच काळं लावलेलं. हा खाली मान घालून काच कापत होता. वर न बघताच त्याने विचारलं, "काच साधी टाकू की मॅट?" मी म्हटलं, "फरक काय?" तेव्हा त्याने वर पाहिलं. मग फरक समजावण्यात त्याने माझी अख्खी दुपार खाल्ली. मॅट काच चमकत नाही, पण आतलं जरा धुकट दिसतं. साधी चमकते, पण आहे ते आहे तसं दाखवते. मी साधी घेतली. आमच्या लेकीला हे इतकं पाठ होतं, की लहानपणी ती सगळ्यांना सांगायची, बाबांनी आईला मागणी घातली ती अशी, साधी की मॅट.

त्या सकाळी एका शाळेच्या गटफोटोसाठी मोठी काच लागणार होती. तो घोड्यावरून पातळ काचेचा ताव ओढत होता आणि मी त्याच्या पुढ्यातच वाकून खालच्या फळीवरून पुठ्ठा काढत होते. मला फक्त एक सर्रकन आवाज आला. मान वर केली तर त्याने दोन्ही हातांनी ताव धरलेला, आणि उजव्या हाताच्या अंगठ्यापासून रक्ताची धार मनगटाकडे चाललेली. मग ताव दुभंगला आणि खाली येऊन फुटला.

"झेललीस का रे? तूच झेललीस?" मी ओरडले.

"तुझी मान खाली होती," तो म्हणाला. एवढंच. मग चेहरा पांढरा पडला आणि तो स्टुलावर बसला.

डॉक्टरांनी टाके घातले. जखम अंगठ्याच्या उंचवट्यापासून तळव्यावरून पार करंगळीपर्यंत गेली होती. नस वाचलीय, बोटं हळूहळू चालतील, असं म्हणाले. घरी आल्यावर त्याला झोपवलं आणि मी तुकडे टेबलावर मांडले. रक्त पुसत पुसत जुळवले. ताव पूर्ण जुळला. तांदळाच्या कणीएवढीसुद्धा फट नव्हती. म्हणजे हातात काही राहिलेलं नाही. मला इतकं हायसं वाटलं, की तिथेच बसून रडले.

जखम भरली, टाके निघाले, पण मूठ काही मिटेना. आत काहीतरी हलतं, म्हणायचा. हिऱ्याची लेखणी हातात धरली की कळ जायची. काचेला रेघ मारताना हात थरथरला की काच वाकडी फुटते, आणि याचा हात नुसता लटपटायचा. काच कापण्याशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि यावं असं त्याला कधी वाटलंही नव्हतं. रोज काउंटरवर हात पसरून तो त्याच्याकडे बघत बसायचा.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. "काच एक्स-रेत दिसते," फोटो उजेडात धरून ते म्हणाले. "इथे काहीही नाही."

आणि त्याच आठवड्यात पहिला तुकडा बाहेर आला.

जखमेतून नाही. जखमेपासून बराच लांब, मनगटाजवळच्या मांसातून. रक्ताचा थेंब नाही. गरम पाण्यात हात बुडवून बसला होता, भांड्यात टिण् झालं, आणि तळाशी नखाएवढा तुकडा. त्याने बोटं वळवून पाहिली. करंगळी पूर्ण मिटली. तो लहान मुलासारखा हसला.

मी तुकडा उचलला आणि माझं हसू जागच्या जागी राहिलं. आमची काच पातळ आणि पांढरीशुभ्र. ही जाड होती, हिरवट झाक असलेली, जुन्या फ्रेममधून निघते तशी. एक कड हिऱ्याने कापलेली सरळ. म्हणजे हा कुठल्यातरी काचेचा कोपरा होता. आणि त्याच्या एका अंगाला करडा डाग होता, खरवडला तरी न जाणारा.

"आत गेली असेल आधी कधीतरी," तो म्हणाला. "इतकी वर्षं काचेतच हात आहेत. निघतेय ना, मग तुला काय त्रास?"

बरोबरच होतं. मी तुकडा बशीत ठेवला. त्या संध्याकाळी त्याने डाव्या हाताने चहा केला, कौतुकाने माझ्यापुढे आणून ठेवला. चहा गोड होता. मी लग्नाच्या आधीपासून बिनसाखरेचा पिते. "अरे, साखर," मी म्हटलं. "लागत नाही का?" त्याने विचारलं. मला वाटलं, दुखण्यात माणूस विसरतो.

मग तुकडे येत राहिले. कधी तळव्यातून, कधी बोटांच्या बेचक्यातून. प्रत्येक वेळी हात सुधारायचा. आधी पेला धरता यायला लागला, मग हातोडी. आणि प्रत्येक तुकड्याच्या एका अंगावर तो करडा थर.

आमच्या धंद्यातल्या माणसाला असा थर ओळखू येतो. फोटो माउंट न घालता काचेला टेकवून बसवला आणि ओल लागली, की तो काचेला चिकटतो. ओढला तर कागद हातात येतो आणि चित्र काचेवर राहतं. अशा काचा दुकानात नेहमी येतात. हा थर तसाच होता. भिंगाखाली धरला तर एका तुकड्यावर कापडाची वीण दिसली, दुसऱ्यावर सुटलेल्या केसांची बट आणि कान.

हे सगळं मी त्याला दाखवायला हवं होतं, पण त्याचा हात चालायला लागला होता आणि मला त्या आनंदात बिब्बा घालायचा नव्हता. शिवाय दुसरंच काहीतरी मला टोचत होतं. त्याने मला फूटपट्टी म्हणणं सोडलं होतं. "अगं", "ऐक ना", एवढंच. गिऱ्हाइकाने माप विचारलं की स्वतःच मोजायला लागायचा आणि चुकायचा.

लेकीचा फोन आला. "तुमचं भांडण झालंय का गं?" ती म्हणाली. "बाबा माझ्याशी छान बोलले. हाताचं सांगितलं, पाऊसपाण्याचं सांगितलं. तुझं मात्र नावच नाही. मी विचारलं तर म्हणाले, असतील ठीक."

"असतील?"

"मलाही तेच वाटलं. रुसलेत का?"

त्या दुपारी तो पट्ट्या आणायला बाहेर गेला असताना मी बशी घेऊन खिडकीखाली बसले. इतके दिवस मी तुकडे नुसते साठवत होते. जुळवले नव्हते, आणि हे माझं मलाच नवल वाटलं. हात चालवायला लागल्यावर वेळ लागला नाही. सगळे मिळून पासपोर्ट फोटोएवढी काच होत होती. तीन कोपरे लागले. मध्ये चौकडीचं कापड, त्यावर बटणं. पांढरं, पांढरं, मग काळं, मग पुन्हा पांढरं. काखेत गुंडाळलेला चपटा कागद. पुढे काउंटरची कड.

चेहऱ्याची जागा रिकामी होती. गळ्याचीही.

त्या दिवशी कुणीही फोटो काढला नव्हता. कॅमेरा ना आमच्याकडे होता, ना दुकानात. ड्रेस मी दुसऱ्या दिवशी बहिणीला परत केला होता. मी ज्या जागेवरून दिसत होते ती जागा काउंटरच्या आतली होती, काच कापणाऱ्याच्या स्टुलावरची.

तो आल्यावर मी काही लपवलं नाही. बशी पुढे केली, भिंग दिलं आणि साखरेपासून फूटपट्टीपर्यंत सगळं सांगितलं. तो बराच वेळ भिंगातून बघत राहिला.

"असाच उजेड होता," शेवटी तो म्हणाला. "तू हसत होतीस. मी वर पाहिलं तेव्हा. कशाला ते कधी विचारलंच नाही."

"तुझ्या नाकावर काचेची पूड होती."

"हात् तिच्या." तो हसला, आणि मग हसू मावळलं. "मी तुला काय म्हणायचो म्हणालीस?"

"फूटपट्टी."

त्याने शब्द तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिला. ओळख पटल्याचं काही दिसलं नाही. मग त्याने उजवी मूठ हळूच मिटली, तिच्यावर डावा हात ठेवला.

"मग राहू दे आत, जे राहिलंय ते," तो म्हणाला. "नुसती ठसठस आहे. तुझ्या जिभेपेक्षा कमीच टोचते. काच डाव्या हाताने शिकेन."

मी त्याच्या हाताला घट्ट फडकं बांधलं. सुया, चिमटा, सगळं कपाटात कुलपात ठेवलं. गरम पाणी बंद. त्या संध्याकाळी आम्ही कितीतरी बोललो. मी सांगत गेले आणि तो ऐकत गेला, काही आठवलं की मध्येच मान हलवायचा. मला वाटलं, धरून ठेवता येईल.

सकाळी तो तोंड धुवत होता. बेसिनमध्ये टिण् झालं.

फडकं जसंच्या तसं होतं, गाठही सुटली नव्हती. तुकडा त्यातून कसा बाहेर आला ते मला सांगता येणार नाही. बारीक लांबट तुकडा, त्यावर गळा आणि ड्रेसची कॉलर.

त्याने हात वर करून फडक्याकडे पाहिलं. "हे कशाला बांधलंय?"

मी पुन्हा सगळं सांगितलं. आदल्या दिवशी त्याने स्वतः काय ठरवलं होतं तेही सांगितलं. गिऱ्हाईक आपल्या फोटोची लांबलचक कहाणी सांगतं तेव्हा तो जसा ऐकायचा, तसं त्याने ऐकून घेतलं. "असं होय," म्हणाला. आणि माझ्यादेखत गाठ सोडायला लागला. मी हात धरला तर अवघडून बाजूला झाला. त्या रात्रीपासून अंथरूण दुकानात घालायला लागला.

लेकीचा पुन्हा फोन आला. या वेळी ती हसत होती. "काय गं, दुकानात मदतीला बाई ठेवलीत म्हणे? बाबा सांगत होते, माउंट फार छान कापतात, पण सारख्या बघत असतात."

मी फोन ठेवला.

आता फक्त चेहऱ्याचा तुकडा आत राहिला होता. अंगठ्याच्या उंचवट्याखाली तो कातडीतून उठून दिसत होता, वाटाण्याएवढा. एक्स-रेचं पाकीट काखेत मारलं आणि डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, आत एक तुकडा आहे, तो बाहेर येऊ नये असं काहीतरी करा.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "लोक माझ्याकडे काढायला येतात हो," ते म्हणाले. "आणि आत काही नाहीच आहे. हात उत्तम आहे त्यांचा. तुम्हीच जरा विश्रांती घ्या."

हात हलवत परत निघाले. दुकानाच्या दाराशी आले आणि आतून आवाज आला. काचेवर हिरा फिरल्याचा, एकसारखा, लांब, मध्ये कुठेही न अडखळलेला. मग टक् करून काच सुटल्याचा. तो आवाज मी किती दिवसांत ऐकला नव्हता. आणि लाज वाटते सांगायला, पण पहिल्यांदा मला आनंद झाला.

मग मी आत गेले.

तो खाली मान घालून काच कापत होता. उजव्या हाताने. दुपारचा उजेड टेबलावरून काउंटरपर्यंत आला होता. माझी चाहूल लागली तसं त्याने माझ्या काखेतलं पाकीट ओझरतं पाहिलं असावं.

"काच साधी टाकू की मॅट?" त्याने विचारलं.

दुसरं काय बोलणार होते मी?

"फरक काय?"

त्याने वर पाहिलं. मी वाट बघत राहिले. तो हसला, अगदी नम्रपणे, दुपारच्या पहिल्या गिऱ्हाइकाकडे बघून हसावं तसं.

"सांगतो ना, ताई. बसा."

आणि त्याने सांगितलं. मॅट काच चमकत नाही, पण आतलं जरा धुकट दिसतं. साधी चमकते, पण आहे ते आहे तसं दाखवते. एकही शब्द इकडचा तिकडे नाही.

बशी काउंटरवर होती. काच त्यात पूर्ण होती. शेवटचा तुकडा मी लावला नव्हता, तरी तो बसला होता, आणि कुठेही सांधा नव्हता. चौकडीचा ड्रेस, काळं बटण, आणि वर माझा चेहरा. हसत होते मी. किती लहान होते.

"ही कुणाची राहिली इथे?" त्याने काच उचलली, उजेडात तिरकी करून पाहिली. "चांगली आहे की. जुन्या काचेची गोष्टच वेगळी."

"नको," मी म्हटलं. ते माझ्या तोंडातून नीट बाहेर आलं नसावं.

त्याने काचेवर हा हा करून वाफ सोडली आणि खांद्यावरच्या फडक्याने पुसली. काच पुसायची त्याची एक पद्धत आहे, मधून सुरू करून कडेकडेने गोल गोल. हात सरसर फिरत होता. तळव्यावर जखमेचा वणसुद्धा नव्हता.

"मळ होता नुसता," तो म्हणाला. फडकं झटकून त्याने पुन्हा खांद्यावर टाकलं, आणि काच माझ्या तोंडासमोर धरून तिच्यातून माझ्याकडे पाहिलं.

"बघा, किती स्वच्छ निघाली. आता यात फोटो कुणाचा बसवायचाय?"